पेटीच्या खोलीतली शिटी

वेंगुर्ल्याच्या एका हायस्कुलात मी तीसेक वर्षं संगीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मिठबावला, नवऱ्याच्या घरी राहायला आलो. नवरा बोटीवर इंजिनात कामाला होता, तो माझ्या आधी दोन वर्षं घरी बसलेला. घरात आमच्याशिवाय थोरली जाऊ. दीर गेल्यापासून कलमांची बाग, काजू, नारळ सगळं तीच बघते. ती गावाबाहेर फारशी कधी राहिली नाही आणि मी गावात फारशी कधी राहिले नव्हते, त्यामुळे इतक्या वर्षांच्या जावा असूनही आमची खरी ओळख त्या वर्षीच सुरू झाली.

गावात बायकांचं भजनी मंडळ होतं. पेटी वाजवणारं कोणी नव्हतं, म्हणून आल्या आल्या मी त्यांना सापडले. दर गुरुवारी दुपारी देवळात सराव व्हायचा. अडचण एकच होती. काजू पडायला लागले, की मंडळ मोडायचं ते थेट पावसाच्या तोंडावर भरायचं, आणि तोवर चाली विसरलेल्या असायच्या. त्यांच्यातली एक मासे विकायला रोज देवगडला जायची. ती एकदा म्हणाली, बाई, तुमची पेटी फोनवर भरून द्या, आम्ही घरी कामं करता करता म्हणू.

मी फोन समोर ठेवून पेटी वाजवली. खालचे सूर डब्यात खडे वाजवल्यासारखे आले. मुलांना आयुष्यभर सुराबद्दल बोल बोल बोललेली बाई मी, हे असलं कोणाला पाठवणार? माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आहे, त्याला फोन केला. त्याने माईक सांगितला, माईक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जोडायची एक छोटी डबी सांगितली, जाडजूड हेडफोन सांगितले. नवरा कोल्हापूरला जाऊन ते सगळं घेऊन आला. फोंडाघाट उतरताना गाडी वळणावर वळणं घेत होती तरी त्याने खोका मांडीवरून खाली ठेवला नाही, असं तो पुढे महिनाभर सांगत होता.

आंबे भरायच्या लाकडी पेट्या ठेवायची मागची खोली मी मागून घेतली. आंब्याच्या पेट्या बाहेर आणि माझी पेटी आत, यावर घरात थोडं हसू झालं. भिंतींवर आवाज आपटतो म्हणून जावेने जुन्या गोधड्या काढून दिल्या. आम्ही दोघींनी त्या खिळे ठोकून चारी भिंतींना लावल्या. दार लोटलं, की खोली इतकी गप्प व्हायची, की स्वतःच्या गिळण्याचा आवाज यायचा.

राहिलं होतं ते सॉफ्टवेअर. विद्यार्थी म्हणाला, आधी एखादं फुकटातलं घ्या, हात बसू द्या. मी घेतलं. पहिल्याच सकाळी हेडफोन लावून सा धरला आणि तोच सा हेडफोनमधून किंचित उशिरा परत आला, कोणीतरी मागे बसून माझी नक्कल करत असल्यासारखा. मी थांबले, तोही थांबला, माझ्यानंतर. विद्यार्थ्याने फोनवर कुठलेकुठले आकडे कमी करायला लावले, तेव्हा तो उशीर जवळजवळ गेला. आठ-दहा दिवसांत दोन-तीन अभंगांच्या चाली मी भरल्या. मग एका दुपारी ऐकायला बसले आणि मला शिटी ऐकू आली.

बारीक होती. प्रेशर कुकरची वाफ धरायला लागते त्याच्या जरा आधीचा जो आवाज असतो, तसा. पेटीच्या सुरांमागे ती होती आणि दोन सुरांच्या मधल्या जागेत तर स्पष्टच होती. मी नवऱ्याला बोलावलं. त्याने हेडफोन लावले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "माका तर काय आयकाक येत नाय."

त्याचं ऐकू न येणं मी धरलं नाही. उभा जन्म इंजिनाच्या धडधडाटात गेलेला माणूस, त्याला दारावरची थापसुद्धा तिसऱ्यांदा ऐकू येते. मी त्याच्या हातून हेडफोन घेतले, शिटीकडे कान ठेवून त्याच सॉफ्टवेअरवर आणखी एक चाल भरली आणि मग सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं.

दुसरं सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघा आणि मग विकत घ्या असल्यातलं होतं. काळा पडदा आणि त्यावर बोटीच्या इंजिनरूममध्ये असतील इतकी बटणं. नवऱ्याला ते फार आवडलं. मला त्यात ताल लावता येईना. ते आपलं चारात मोजायचं. भजनी ठेका त्यात कसाबसा बसला, पण सात मात्रांचा रूपक लावला की त्याचा ठोका भलत्याच मात्रेवर जोर द्यायचा आणि माझी सम एकीकडे, त्याची एकीकडे. सात कुठे लिहायचे हे शोधण्यात तीन सकाळी गेल्या. सापडल्यावर मी जावेला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बरं आहे, पण तुझी भाकरी गार झाली.

आणि शिटी त्यातही होती.

मग माझं चित्त एका जागी राहीना. मी फ्रिज बंद केला. इन्व्हर्टर बंद केला. शेजारच्या घरी पंप चालू असायचा, त्यांना जाऊन विचारलं, तो अर्धा तास बंद ठेवाल का. त्यांनी ठेवला. वायरी बदलल्या. माईक बदलून आणायला नवऱ्याला परत कोल्हापूरला पाठवणार होते, तो नाही म्हणाला. सकाळी पूजा झाली की मी खोलीत शिरायची, दहा मिनिटं वाजवायची, पाच मिनिटं ऐकायची, बाहेर यायची, मागीलदारी दोन फेऱ्या मारायची, परत आत. जेवताना हाताची बोटं पाटावर वाजत राहायची. जाऊ माझं ताट जवळ सरकवायची.

तिसरं सॉफ्टवेअर मी केवळ एका गोष्टीसाठी घेतलं. भरलेल्या चालीची पट्टी त्यात बदलता यायची. आमच्यातल्या काही जणी काळी चारमध्ये गातात, दोघी-तिघींना काळी पाच लागते. दोनदा वाजवण्यापेक्षा एकदा वाजवून पट्टी चढवली तर बरं. आधीच्या एकात तसं केलं होतं तर पेटी उंदरासारखी चिरकली होती. ह्यात ती पेटीच राहिली. आनंदाने मी तीन चाली एका बैठकीत भरल्या, ऐकल्या, आणि शिटी आलीच.

मी एकेक फाईल पुण्याला पाठवत होते. विद्यार्थी म्हणायचा, बाई, फाईल स्वच्छ आहे. मला वाटायचं, शिक्षिकेला दुखवायचं नाही म्हणून बोलतोय. शाळेतसुद्धा तो मुलगा तसाच होता, चुकीच्या उत्तरालाही हो म्हणणारा. शेवटी तो म्हणाला, बाई, एक सॉफ्टवेअर असं आहे ज्यात आवाज पडद्यावर रंगात दिसतो. खालचे सूर खाली, वरचे वर. तुमची शिटी असेल तर वरच्या बाजूला एक आडवी रेघ दिसेल. मग ती रेघ पुसून टाकता येते.

ते चौथं. ते लॅपटॉपवर उतरायला दोन दिवस लागले, कारण आमच्याकडे नेट वाऱ्याच्या मर्जीवर असतं. उघडलं तेव्हा मी खरोखर हरखले. पेटीचा एकेक सूर शेतातल्या नांगरटीसारखा थर धरून दिसत होता. भात्याचा श्वास खाली धुरकट दिसत होता. वरच्या बाजूला मात्र काही नव्हतं. कोरं काळं. मी पडदा मोठा केला, उजेड वाढवला, चष्मा पुसला. कानात शिटी वाजत होती आणि पडद्यावर ती नव्हती. मी विद्यार्थ्याला कळवलं, हे सॉफ्टवेअरही काही कामाचं नाही, ह्याला शिटी दिसत नाही. त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. आलं तेही अडखळत, की बाई, आणखी कोणाला तरी एकदा ऐकवून बघा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ नारळ मोजून घेऊन आत आली होती. तिच्या कानांबद्दल घरात गोष्टी आहेत. माडाची वाळकी झाप पडली की नारळ पडला हे तर कोणीही सांगेल, पण कोणत्या माडाचा पडला हे ती चुलीपाशी बसून सांगते. मी तिला खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि हेडफोन लावले. ती त्या जाड हेडफोनमध्ये अगदी लहान दिसायला लागली. मी चाल लावली. ती सगळी ऐकली तिने, मध्ये थांबवू दिलं नाही.

"शिटी खंय आसा गो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नीट ऐका, वैनी, सुरांच्या मागे.

"आयकलंय मां. तुज्या काकणांचो आवाज आसा. भात्याचो आसा. सूर धरूच्या आधी तू नाकान श्वास घेतस, तो आसा. भायर कावळो वरडता. शिटी नाय."

मला राग आला. हेडफोन मी जवळजवळ ओढूनच घेतले आणि स्वतःच्या कानाला लावले. शिटी होती. कालच्यासारखीच, कुठे हललेली नाही. ही काय, मी म्हटलं, ही आता वाजतेय ती काय मग? जावेने माझ्या मुठीकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "गो, वायर तर तुज्या हातात आसा."

मी खाली पाहिलं. ओढताना हेडफोनची वायर निघाली होती. तिचं टोक माझ्या मुठीत होतं. हेडफोन कशालाच जोडलेले नव्हते.

मी ते काढून पेटीवर ठेवले. शिटी चालूच होती. दाराबाहेर आले, अंगणात गेले. तिथे ती जरा मागे पडली, पण होती. मी तुळशीपाशी उभी राहिले आणि दोन्ही कानांवर हात दाबले, तर ती उलट मोठी झाली. त्या क्षणी मला रडू आलं नाही, काही नाही. एवढंच मनात आलं, की शेजाऱ्यांचा पंप आपण उगाच बंद करायला लावला.

कणकवलीच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊच माझ्याबरोबर आली. नवऱ्याला आम्ही दात दाखवायला जातो असं सांगितलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी एकेक सूर ऐकवला आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. प्रत्येक सुराला मी बटण दाबलं असं मला वाटलं. बाहेर आल्यावर कागदावरची रेघ दिसली. ती सरळ चालत चालत येऊन टोकाला उतार लागल्यासारखी खाली गेली होती. वरचे सूर माझ्या कानातून निघून गेले होते, आणि कधी गेले ते मला कळलंही नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. "हा आवाज बाहेर कुठे नाही, बाई. तुमच्या कानाचाच आहे," ते म्हणाले. वय, वर्गातला गोंगाट, काहीही कारण असेल, नेमकं सांगता येत नाही. जाईल अशी आशा धरू नका, सवय होते. अगदी शांत जागी बसू नका, आसपास थोडा आवाज राहू द्या. त्यांनी विचारलं, कधीपासून येतोय? मी म्हटलं, पहिलं सॉफ्टवेअर घेतल्यापासून. ते हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. आणि मग माझं मलाच उमगलं. आधीपासूनच तो असणार. गोधड्या लावलेल्या त्या खोलीइतक्या शांततेत मी जन्मात कधी बसले नव्हते.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. सवय होते, असं सगळे सांगतात. मला मात्र मागचीच वर्षं टोचत होती. किती मुलांना मी बेसूर म्हटलं असेल? कोणाला गाण्याच्या स्पर्धेतून काढलं असेल? डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गाण्याचे सूर तुम्हाला व्यवस्थित ऐकू येतात, गेलेत ते त्याच्याही वरचे. तरी मन मानेना. एक मुलगी आठवली, जिला मी मागच्या ओळीत उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलव म्हटलं होतं. ती आता कुठे असेल, तेही मला माहीत नव्हतं.

पुढचे दोन-तीन आठवडे मी खोलीत गेले नाही. रोज संध्याकाळी समुद्रावर जायची. लाटांच्या आवाजात शिटी बुडते हे मला लगेच कळलं. पाण्याच्या अगदी कडेने चालायचं, वळायचं, परत चालायचं. नवऱ्याला वाटलं मी गुडघ्यांसाठी चालते, त्याने मला नवीन चपला आणून दिल्या. मग माझंच मला लाजल्यासारखं झालं आणि एके दिवशी जेवताना त्याला सगळं सांगितलं. त्याने भातात आमटी ओतली. म्हणाला, त्याच्या कानात बोट सोडल्यापासून इंजिन चालू आहे. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, सगळ्यांच्याच असतं असं वाटलं.

काजू पडायला लागले होते. मासेवाली बाई दारावरून जाताना विचारून गेली, बाई, गाणी भरून झाली काय. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ती गेल्यावर मी जावेला म्हटलं, नाही जमायचं मला आता हे. पट्टी बरोबर आहे की नाही, मध्ये काही घुसलंय की नाही, मला कळणारच नाही. मी कशाच्या जोरावर पाठवू?

जाऊ काजूच्या बिया निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माजे कान आसत मां. ते वापर."

तसं आम्ही परत बसलो, दार आणि खिडकी उघडी ठेवून. कावळा आला तर आला. तेव्हाच सॉफ्टवेअरचा निर्णय झाला, आणि तो माझ्या एकाही जुन्या कारणावर झाला नाही. जावेला इंग्रजी वाचता येत नाही. चारही तिच्यापुढे उघडली. पहिल्यात सगळी इंग्रजी यादीच होती. काळ्या पडद्याचं बघून ती म्हणाली, ह्यात मी बुडेन. रंग दाखवणारं तिला सुंदर वाटलं, पण ऐकायचं सोडून ती बघतच बसायला लागली. राहिलं तिसरं, पट्टी बदलणारं. त्यात सगळी कामं चित्रांनी होत होती. कात्री म्हणजे कापणं, भिंग म्हणजे जवळून बघणं, उलटा वळलेला बाण म्हणजे चुकलेलं मागे घेणं. त्या बाणावर तिचा फार जीव. बागेत असा एक बाण असता तर, असं ती म्हणायची. आठवड्याभरात ती कात्री चालवायला शिकली, माझ्या काकणांचा आवाज बरोबर हेरून कापायला लागली. पुढे तर मी काकणं काढूनच बसायला लागले.

मी नव्याने चाली भरल्या, पण तिने सगळं जुनंही ऐकायला मागितलं. चारही सॉफ्टवेअरमधलं जे जे होतं ते मी एकत्र आणून दिलं. दुपारी बागेतून आली की तास-दीड तास ती हेडफोन लावून बसायची आणि मी बाहेर फेऱ्या मारायची. निकाल लागेपर्यंत मुलांना काय वाटत असेल ते मला त्या दिवसांत कळलं. शेवटी तिने सहा चाली निवडल्या. त्यातली एक अगदी पहिल्या दिवसांतली, फुकटच्या सॉफ्टवेअरवर भरलेली. मी म्हटलं, ही नको, तेव्हा माझं लक्ष भलतीकडे होतं. ती म्हणाली, हीच बरी आहे, राहू दे. मी ऐकून बघितली नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. सगळ्या तशाच फोनवर पाठवून दिल्या.

मग चार महिने कोणाचा काही निरोप नाही. कोणी काजू सोलत, कोणी आंबे भरत त्या ऐकत होत्या, हे उडत उडत कळायचं. मला चैन नव्हतं. कोणी भेटली की मी विचारायची, ऐकताय का, आणि ती म्हणायची, हो हो बाई. एवढंच.

पावसाच्या तोंडावर मंडळ परत भरलं. देवळात त्या गुरुवारी बहुतेक सगळ्या आल्या होत्या. मी पेटी उघडली, जाऊ माझ्या शेजारी बसली. पहिल्या पाच चाली त्यांनी अशा म्हटल्या, की मी वाजवायचं विसरून दोनदा नुसती ऐकत राहिले. मग सहावी आली, ती फुकटच्या सॉफ्टवेअरवरची. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, जिथे ओळ सरळ पुढे जायला हवी, तिथे सगळ्या एकदम थांबल्या. अर्धी मात्रा. आणि मग एकत्र पुढे गेल्या. मी मात्र थांबले नव्हते, त्यामुळे माझी पेटी एकटीच पुढे निघून गेली.

मी हात वर करून थांबवलं. विचारलं, इथे का थांबलात? मासेवाली बाई म्हणाली, तुम्हीच तर थांबला आहात, बाई, फोनमध्ये. घरी जाऊन मी ती फाईल पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली. खरंच थांबले होते. ती शिटी कुठून येते हे ऐकायला मी त्या जागी, वाजवता वाजवता, कान टवकारून क्षणभर थबकले होते.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना सांगितलं, की ती माझी चूक होती, तिथे थांबायचं नाही. त्यांनी माना डोलावल्या. म्हणून बघितलं. आपसांत काहीतरी बोलल्या. मग मासेवालीच म्हणाली, "बाई, थंय थांबल्यावरच बरा वाटता."

मी जावेकडे पाहिलं. ती खाली बघून टाळ पुसत होती. मला कळलं की तिला तो थांबा तेव्हाच ऐकू आला होता आणि तिने तो मुद्दाम कापला नव्हता.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खोलीत गेले, ती चाल न थांबता, स्वच्छ वाजवून भरली, जावेकडून तपासून घेतली आणि सगळ्यांना पाठवली. प्रत्येकीचा उत्तरादाखल नमस्काराचा हात आला. त्यानंतरच्या गुरुवारी त्या सगळ्या, दुसऱ्या कडव्यात, तिथेच थांबल्या. ह्या वेळी मीही थांबले आणि पेटी त्यांच्या मागून नेली.